देश बदललेल्या स्केटरवर लोक एवढे का तुटून पडतात?

मावशी_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, क्रीडा विभागात टाकतेय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी हलवा.

माझी भाची सातवीत आहे, रोलर स्केटिंगच्या क्लासला जाते, आणि तिथनं तिला बर्फावरच्या फिगर स्केटिंगचं याड लागलंय. सांगलीत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, रिंक कुठला बघायला मिळतोय, पण यूट्यूबवर ज्युनिअर ग्रांप्री फुकट दिसते ती लावून बसते आणि मलाही उठू देत नाही. मला आता ॲक्सल तेवढी ओळखता येते कारण ती एकच उडी पुढं तोंड करून मारतात, बाकीच्या सगळ्या मला सारख्याच.

तर आम्ही २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचे जुने व्हिडिओ बघत होतो. त्यात झू यी नावाची चीनची मुलगी आहे. जन्म लॉस एंजेलिसचा, २०१८ ला अमेरिकेची नोव्हिस (ज्युनिअरच्या खालच्या) गटातली चॅम्पियन, आणि त्याच वर्षी तिनं चीनकडून खेळायचं ठरवलं, अमेरिकेचं नागरिकत्वही सोडलं. सांघिक स्पर्धेत तिची शॉर्ट प्रोग्रॅमची (पहिली, छोटी फेरी) पाळी आली, पहिल्याच कॉम्बिनेशनला (लागोपाठच्या उड्या) पडली ती घसरत जाऊन थेट कडेच्या भिंतीला लागली. उठली, कपडे झटकायला पण वेळ नाही, म्युझिक तर पुढं चाललेलं, तशीच पुढचं सगळं करत गेली बिचारी, पण नंबर शेवटचा. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटला (दुसरी, मोठी फेरी) परत पडली आणि बर्फावरच रडायला लागली.

आणि तिकडं वेबोवर (चीनमधलं ट्विटरसारखं) 'झू यी पडली' हा हॅशटॅग काही तासांत २० कोटी वेळा बघितला गेला. २० कोटी! लोकांनी काय काय लिहिलं, हिला धड चिनी बोलता येत नाही, बापाच्या वशिल्यानं आली (वडील मोठे शास्त्रज्ञ आहेत), देशाची लाज काढली, शेवटी वेबोलाच तो हॅशटॅग काढून टाकावा लागला. एकोणीस वर्षांची पोर होती हो ती.

भाचीनं मला एकच विचारलं, मावशी, तिला शिव्या कशाबद्दल, पडली म्हणून का अमेरिकेतनं आली म्हणून?

मला काही सांगता येईना. मग मी हाच प्रश्न एका फिगर स्केटिंगच्या फॅन ग्रुपवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाकला, तर चीन राहिलं बाजूला, देशोदेशीचे लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. कुणी म्हणतंय भाडोत्री, कुणी म्हणतंय पासपोर्ट विकत घेणारे, कुणी थेट त्या मुलींच्या दिसण्यावर गेलं. एकीनं तर मलाच विचारलं तू कुठल्या देशाची, भारताची तर तुझा काय संबंध. मी आपली गुपचूप बाहेर पडले.

इथं या खेळाचे जाणकार आहेत असं मागच्या एका धाग्यावर वाचलेलं, म्हणून विचारतेय. हा राग नेमका कशाचा असतो? आणि सातवीतल्या पोरीला काय सांगायचं?


माणदेशी_गडी (दहिवडी)

ताई यात अवघड काय हाय, पडली म्हणून. जिंकली असती तर डोक्यावर घिऊन नाचले असते. त्याच ऑलिंपिकमदी एलीन गू बघा की, ती बी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली, ती बी चीनकडनंच उतरली, स्कीइंगमदी दोन गोल्ड एक सिल्वर. तिकडं चीनमदी सगळ्या जाहिरातीत तीच, आन अमेरिकेत टीव्हीवर बसून तिला कृतघ्न म्हणत हुते. (तिला चिनी चांगलं बोलता येतंय ह्यो बी एक मुद्दा हाय म्हणा.)

आन तिसरा नेथन चेन. आईबाप चीनचे पण ह्यो सॉल्ट लेक सिटीत जन्मला, अमेरिकेकडनं खेळला, गोल्ड घेतलं, गड्यानं देश बदललाच न्हाय, तरी चीनमधले नेटवाले त्याला गद्दार म्हणले. जन्मल्या जागी ऱ्हायला तरी गद्दार! आता बोला.


मिरज_जंक्शन (मिरज)

माणदेशी भाऊ, निम्मं पटलं. पण नुसतं हार-जीत नाही यात. मी २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून हा खेळ बघतोय, घरचे म्हणतात बर्फावर नाचणाऱ्यांत काय बघायचंय, असो.

मावशी, सगळ्यात जास्त ओरडतात ते लोक ज्यांना खेळाडू देश का बदलतात हेच माहीत नसतं. वर्ल्ड चॅम्पियनशिप असो का ऑलिंपिक, एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन. रशियात मुलींची एवढी गर्दी की तिथली चौथी-पाचवी पोरगी दुसऱ्या बहुतेक देशांत डोळे झाकून पहिली आली असती, पण तिथं ती घरी बसणार. अनास्तासिया गुबानोवा घ्या. २०१६ ला ज्युनिअर ग्रांप्री फायनलला दुसरी आलेली, आणि पहिली कोण तर झागितोवा, जी २०१८ ला ऑलिंपिक चॅम्पियन झाली. गुबानोवा पुढं मागं पडत गेली, खालनं क्वाड (हवेत चार फेऱ्यांची उडी) मारणाऱ्या लहान पोरी आल्या, रशियात तिचं करिअर तिथंच संपलं असतं, ती जॉर्जियाकडं गेली आणि २०२३ ला युरोपियन चॅम्पियन झाली, जॉर्जियाची पहिलीच. आता यावर कमेंट काय, तर रशियावाले म्हणणार आमच्यावर बंदी होती म्हणून हिला मिळालं (युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ पासून रशिया-बेलारूसचे स्केटर बाहेर होते), आणि बाकीचे म्हणणार ही रशियनच की, मागच्या दारानं आली. दोन्हीकडनं मार. ती स्केटिंग कसं करते यावर मात्र एकाची कमेंट नाही, खरं तर काय सुंदर करते, पण ते जाऊदे.

दुसरं म्हणजे जोडीचा मामला. पेअर्स आणि आइस डान्समध्ये जोडीदार लागतो आणि मुलींच्या मानानं मुलं फार कमी. उंचीचा मेळ बसला पाहिजे, डोक्यावर उचलायची ताकद पाहिजे, दोघं हवेत एकाच बाजूला फिरणारे पाहिजेत, कोच पटला पाहिजे, आणि असा माणूस आपल्याच देशात मिळेल याची काय गॅरंटी? जोडीदार शोधायच्या वेबसाइट आहेत, त्यावर उंची, वजन, कुठल्या उड्या येतात आणि दुसरीकडं जाऊन राहायची तयारी आहे का हे सगळं भरायचं असतं. वर्ल्डला दोघांतल्या एकाचं नागरिकत्व असलं तरी चालतं पण ऑलिंपिकला दोघांचं लागतं, त्यामुळं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या जोड्या ऑलिंपिकच्या तोंडावर कागदपत्रांत अडकतात, आणि टीव्हीवर चार वर्षांतनं एकदा बघणाऱ्याला वाटतं हिनं आत्ताच पासपोर्ट घेतला वाटतं मेडलसाठी.

अलिओना साव्हचेंकोची गोष्ट भाचीला नक्की सांगा. युक्रेनची पोरगी. २००२ च्या ऑलिंपिकला युक्रेनकडून उतरली, तिथला जोडीदार सुटला, मग जर्मनीत गेली, रॉबिन झोल्कोवीबरोबर पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, पण ऑलिंपिकला २०१० आणि २०१४ ला दोन्ही वेळा ब्राँझवरच. झोल्कोवी रिटायर झाला. हिचं वय तिशीत. कुणीही घरी बसलं असतं. हिनं फ्रान्सचा ब्रुनो मासो धरला, आता फ्रान्सचं फेडरेशन सोडायला तयार नाही, सोडायचे पैसे मागितले, तेवढा काळ दोघं स्पर्धेबाहेर. पुढं जर्मन नागरिकत्वासाठी मासोला भाषेची परीक्षा, त्यात आधी नापास, शेवटी २०१७ च्या नोव्हेंबरला नागरिकत्व हातात पडलं आणि फेब्रुवारीत प्याँगचँगचं ऑलिंपिक. तिथं शॉर्ट प्रोग्रॅमला मासोनं तीन फेऱ्यांच्या जागी दोनच घेतल्या, चौथ्या नंबरवर फेकले गेले. आणि दुसऱ्या दिवशी फ्री स्केट! १५९.३१, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. चीनच्या जोडीपेक्षा फक्त ०.४३ नं पुढं, गोल्ड. तिचं पाचवं ऑलिंपिक होतं ते. शेवटी ती बर्फावर आडवी पडून रडते आणि तो वाकून तिला उठवायला बघतो, ते मी कितीदा बघितलं असेल. त्या व्हिडिओखाली पण लोक भांडतायत की हे मेडल जर्मनीचं का युक्रेन-फ्रान्सचं.

अजून एक गंमत. साव्हचेंको २००२ ला ज्याच्याबरोबर होती तो स्तानिस्लाव मोरोझोव. त्याची पुढची जोडीदार तात्याना व्होलोसोझार, तीही युक्रेनचीच, ती २०१० नंतर रशियाकडं गेली आणि मॅक्झिम त्रान्कोवबरोबर सोचीचं गोल्ड घेतलं. म्हणजे याच्या दोन जोडीदारणी, दोघींनी देश बदलले, दोघी ऑलिंपिक चॅम्पियन. आणि हा व्होलोसोझारवर चिडून बसला का? उलट तिला आणि त्रान्कोवला शिकवायला गेला. ज्याचं खरंच काही गेलं तो शांत, आणि मोबाईल घेऊन बसलेल्यांची आग.


भडंगप्रेमी (जयसिंगपूर, पण सांगलीतच पडीक)

एवढं वाचायला दोन कप चहा गेला. मिरजकर, धागा काढा स्वतंत्र.


परखड_कराडकर (कराड)

मी उलट बोलणार आहे, मार खायची तयारी ठेवून.

झू यीच्या नावानं सगळे हळहळतायत, हळहळा, शिव्या देणारे नालायकच होते त्यात वाद नाही. पण बीजिंगला चीनकडं मुलींची एकच जागा होती आणि त्या जागेसाठी चेन होंगयी म्हणून तिथंच लहानाची मोठी झालेली मुलगी पण होती. या धाग्यावर आत्तापर्यंत तिचं नाव एकदा तरी आलं का? देश बदलून येणारा दिसतो, त्याच्यामुळं जो घरी बसतो तो कुणाला दिसत नाही.

आमच्याकडं कुस्तीत हेच चालतं. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून हाकेच्या अंतरावर राहतो आम्ही, लहान पोरगं पण लंगोट बांधून फिरतंय. माझा पुतण्या तालमीत वाढलेला, पहाटेच्या जोर-बैठका, दूध-बदाम-तुपाचा खर्च भावानं ऊस विकून केलेला. आणि निवड चाचणीच्या तोंडावर त्याच्याच वजन गटात दुसऱ्या जिल्ह्यातला तयार मल्ल आणून उतरवला. कुणी आणला ते सोडा. रीतसर कागद केलेले होते, नियमात बसत होतं, आणि तो पैलवान पण वाईट नव्हता हो, त्याच्याही जिल्ह्यात गर्दी होती म्हणूनच आला असणार. चितपटच केलं त्यानं पुतण्याला, आडवातिडवा निकाल नाही. पण पोरगं तिथनं तसंच एसटीत बसून घरी आलं, मांडीवर बॅग, कानात माती तशीच, वहिनीनं ताट वाढलं तर ताटावरनं उठलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी येऊन सांगितलं असतं की खेळाडूला देश नसतो, जिल्हा नसतो, तर मी त्याला हाकललं असतं.

आणि कुस्तीत तर आता देशच्या देश असे चाललेत. २०२४ ला पॅरिसला ९७ किलोत गोल्ड कुणाला, बहरीनला. पैलवान अखमेद ताजुदिनोव, मूळचा रशियातल्या दागेस्तानचा. ७४ किलोत उझबेकिस्तान, तोही मूळचा दागेस्तानचाच. दागेस्तानात घरटी पैलवान आहे, तिथं जागा मिळत नाही हे मान्य, पण बहरीनमधल्या एखाद्या पोरानं कुस्ती धरावी कशाला मग?

तेव्हा मिरजकर साहेब, सगळ्या रागाला अडाणीपणा म्हणून मोकळं होऊ नका.


मिरज_जंक्शन (मिरज)

कराडकर दादा, मुद्दा कडक आहे आणि चेन होंगयीचं नाव तुम्ही काढलंत ते बरं केलंत. पण मला सांगा, पुतण्याच्या वेळी तुमचा राग कुणावर होता, त्या पैलवानावर का आणणाऱ्यावर? तुम्हीच लिहिलंय पैलवान वाईट नव्हता.

कोरियाचं उदाहरण देतो, शॉर्ट ट्रॅकचं (बर्फावरच्या शर्यतीचा खेळ). आन ह्यून-सू, २००६ ला तुरिन ऑलिंपिकला कोरियासाठी तीन गोल्ड. मग गुडघ्याची दुखापत, फेडरेशनमधली गटबाजी, २०१० च्या टीममध्ये नाही. गडी रशियाला गेला, व्हिक्टर आन झाला, आणि सोचीला रशियासाठी परत तीन गोल्ड. कोरियातले लोक त्याच्यावर तुटून पडतील असं वाटतं ना? बरेच जण आपल्याच फेडरेशनवर तुटून पडले, असा माणूस घालवलाच कसा म्हणून, प्रकरण पार राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं. आणि तोच आन २०२२ ला चीनचा कोच म्हणून दिसला तेव्हा मात्र कोरियात त्याला भरपूर शिव्या पडल्या, त्याच्या बायकोपर्यंत गेले लोक. म्हणजे रशियाला गेला तेव्हा बिचारा आणि चीनला गेला तेव्हा हरामखोर. त्यामुळं मला वाटतं हा राग माणसावर कमी आणि शेजाऱ्यावर जास्त असतो.


राष्ट्र_प्रथम_९९

जो देश सोडतो तो कुणाचाच नसतो. विषय संपला.


माणदेशी_गडी (दहिवडी)

@राष्ट्र_प्रथम_९९ आसं का? मग सौरभ नेत्रावळकरच्या टायमाला कुठं हुता? मुंबईचा पोरगा, २०१० चा अंडर नाइन्टीन वर्ल्ड कप भारताकडनं खेळलेला, पुढं अमेरिकेला शिकायला गेला, नोकरी धरली, आन २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला अमेरिकेकडनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमदी हारवलं. समद्या मराठी पोरांचं स्टेटस त्याचंच हुतं, 'आपला मराठी माणूस'. मग बारा जूनला न्यूयॉर्कमदी त्यानंच कोहलीला पैल्या बॉलवर काढला, रोहितला बी काढला. तवा आमच्या गावातल्या पारावर निम्मी पोरं टाळ्या वाजवत हुती आन निम्मी शिव्या घालत हुती, आन ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्येच सहा दिवसांमागं बी वाजवत हुते. तू कुठल्या निम्म्यात?


परखड_कराडकर (कराड)

😀 गडी बरोबर बोलला. पण नेत्रावळकरला भारतात जागाच नव्हती, आणि अमेरिकेत त्यानं कुठल्या अमेरिकन पोराची जागा खाल्ली? तिथल्या पोरांना बेसबॉल सोडून काही दिसत नाही. म्हणून कुणाला टोचलं नाही.


जुनी_गणपती_पेठ (सांगली)

पोरांनो, बराच वेळ वाचतोय, टायपिंग हळू आहे म्हणून उशीर.

आपण सांगलीकर विजय हजाऱ्यांचं नाव घेतलं की छाती फुगवतो, जन्म १९१५ चा इथलाच, १९५२ ला मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कॅप्टन. पण रणजीत त्यांचं मोठं नाव झालं ते बडोद्याकडून, आणि १९४६-४७ च्या फायनलला बडोद्यासाठी होळकरांच्या टीमसमोर चौथ्या विकेटला ५७७ ची जी भागीदारी झाली, हजारे २८८, ती पुढं साठ वर्षं कुणाला मोडता आली नाही, २००६ ला संगकारा-जयवर्धनेनं मोडली. आता दुसऱ्या टोकाला कोण होता? गुल महंमद, ३१९. लाहोरचा. भारताकडून आठ कसोट्या खेळला आणि १९५६ ला पाकिस्तानकडून एक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्या ५७७ मधला आपला वाटा आपण मिरवतो, आणि त्याहून मोठा वाटा ज्याचा, तो पुढं कुठं गेला हे विचारलं तर कट्ट्यावर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

तसाच अब्दुल हफीझ कारदार, १९४६ ला इंग्लंडमध्ये भारताच्या टीममध्ये तीन कसोट्या, हजारेही त्याच दौऱ्यावर, आणि १९५२ ला तोच पाकिस्तानचा पहिला कॅप्टन म्हणून टीम घेऊन भारतात आला. माणूस बदलला का देश बदलला, तुम्हीच ठरवा. मी काही सगळं गोड होतं असं म्हणत नाही, फाळणीनंतर गोड काहीच नव्हतं. पण तेव्हा राग काढायचा तर माणसाला मैदानापर्यंत चालत जावं लागायचं, तिकीट काढावं लागायचं. आता अंथरुणात पडल्या पडल्या होतं.

बाकी स्केटिंगमधलं मला काही कळत नाही, नातू दाखवतो कधीतरी.


स्केटवाली_आई (कोरेगाव)

माझी मुलगी पण रोलर स्केटिंग करते म्हणून लिहितेय. या सगळ्यात भारताचं कुणी बोललंच नाही!

आपल्याकडं पण देश बदलून आलेली फिगर स्केटर आहे, तारा प्रसाद. अमेरिकेत जन्मली, तिथंच शिकली, भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट लागतो म्हणून तिनं भारताचं नागरिकत्व घेतलं. आपल्यात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) देशाकडून खेळता येत नाही, सरकारनं २००८ पासून तसं ठरवलंय, त्यामुळं परदेशी वाढलेल्या कुणालाही हाच रस्ता. आपली नॅशनल चॅम्पियन झाली, २०२५ ला हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून उतरली. फुटबॉलमध्ये आत्ता २०२५ ला ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सनं असंच केलं तर केवढी चर्चा झाली. ताराला मात्र शिव्याही नाहीत आणि कौतुकही नाही, कुणाला माहीतच नाही ती. कधीकधी वाटतं शिव्या पडायला पण आधी खेळ लोकप्रिय असावा लागतो.

जपानचा कायदा पण आपल्यासारखाच, दुहेरी नागरिकत्व नाही. युको कावागुची जपानची, तिला रशियन कोच तमारा मॉस्कविनाकडं शिकायचं होतं, त्यासाठी पार सेंट पीटर्सबर्गला जाऊन राहिली आणि २०१० च्या ऑलिंपिकसाठी जपानचा पासपोर्ट सोडून दिला. चौथी आली. मेडल नाहीच. अशी माणसं मेडल 'विकत' घ्यायला गेली असं कसं म्हणायचं हो? स्वतःच्या देशाचा पासपोर्ट परत देताना त्या बाईला काय वाटलं असेल.

कराडकर दादांचं पण पटतं. माझ्या मुलीची जागा गेली तर मी पण शांत बसणार नाही. मी फेडरेशनला पत्र लिहीन, कोर्टात जाईन, पण त्या दुसऱ्या पोरीच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घाण लिहिणार नाही, एवढंच.


मिरज_जंक्शन (मिरज)

ताई, तारा प्रसादचं मीच विसरलो लिहायचं, थँक्यू.

एक राहिलं, आणि ते माझ्याच वरच्या पोस्टच्या उलट जातं. व्होलोसोझारला मी मोरोझोवच्या नावावर मोकळं करून टाकलं. तिनं सोचीला गोल्ड घेतलं १२ फेब्रुवारी २०१४ ला. पुढच्या महिन्यात रशियानं क्रिमिया घेतला. आता युक्रेनमधल्या एखाद्या फॅननं तो व्हिडिओ परत कधीच लावला नाही तर त्याला मी काय सांगणार, पेअर्समध्ये जोडीदार मिळत नाहीत म्हणून? तसंच २०२२ नंतर जे रशियन स्केटर दुसऱ्या देशांकडं गेले त्यांच्याबद्दल युक्रेनचे लोक जे विचारतात ते वेबोवरच्या हॅशटॅगसारखं नाही. त्यांच्याकडं रिंकवर बॉम्ब पडलेत. सगळा राग एकाच मापानं मोजता येत नाही एवढंच म्हणायचंय, भाचीला हे कितपत सांगायचं ते तुम्ही बघा मावशी.


मावशी_विश्रामबाग (सांगली)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आबांचं हजारे-गुल महंमद आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, यजमान क्रिकेटवाले आहेत, त्यांना पण गुल महंमदचं पुढचं माहीत नव्हतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की पडली म्हणून शिव्या सुरू झाल्या आणि अमेरिकेतनं आली म्हणून थांबल्या नाहीत. तिला ते पटलं पण तिचं पुढचं तयारच होतं, मग ती चीनमध्येच जन्मली असती आणि पडली असती तर? मी म्हटलं तरी पडल्या असत्या, कमी पडल्या असत्या. यावर ती म्हणाली मग कमी म्हणजे किती. आता यावर काय बोलणार.

कराडकर दादा, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं, खेळतोय ना अजून? चेन होंगयीचे व्हिडिओ पण शोधले आम्ही, भाचीचं मत असं की हिचे हात छान आहेत.

स्केटवाली_आई, तुम्हाला एक विचारायचं होतं, आपल्याकडच्या मुलींना बर्फावर शिकायचं तर जातात कुठं? आणि बूट कुठले घ्यायचे, ती मागे लागलीय.


परखड_कराडकर (कराड)

खेळतोय ताई. वजन गट बदलला त्यानं.


स्केटवाली_आई (कोरेगाव)

मावशी, जवळपास काही नाही. आमच्या क्लासमधली एक मुलगी सुट्टीत गुरुग्रामला मॉलमधल्या रिंकवर जाऊन आली. डेहराडूनचा मोठा रिंक बरीच वर्षं बंद होता तो २०२५ ला परत सुरू झालाय, आणि शिमला-गुलमर्गला थंडीत नैसर्गिक बर्फावर चालतं पण ते हवामानाच्या भरवशावर. बूट इतक्यात घेऊ नका. सातवीतल्या पोरीचा पाय थांबतोय कुठं, आणि आइसचे चांगले बूट आणि ब्लेड वेगवेगळे घ्यावे लागतात, ब्लेडला धार लावणारा माणूसही आपल्याकडं मिळणार नाही. पहिल्यांदा रिंकवरचेच भाड्याचे घालू द्या. तोपर्यंत रोलरवरच एका पायावर तोल धरायचा आणि मागं तोंड करून चालवायचा सराव करून घ्या म्हणावं सरांना, आमचे सर म्हणतात ते बर्फावर थेट उपयोगी पडतं. आणि जाणार असाल तर कळवा, दिवाळीच्या सुट्टीत आमचं पण चाललंय, गोवा एक्सप्रेसनं मिरजेवरनं दिल्लीपर्यंत थेट जाता येतं.


मिरज_जंक्शन (मिरज)

स्टेशनवर चहा माझ्याकडून 🙂